अँटीबॉडीची पकड : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. अँटीबॉडी किती आहेत हे रिपोर्ट सांगतो. त्या किती घट्ट धरतात हे बहुधा सांगत नाही. ही पकड लागण किंवा लस झाल्यानंतर आठवड्यामागून आठवडे बदलत जाते. गरोदरपणातल्या तपासण्या, लसींचे वेळापत्रक आणि सर्पदंशावरचे औषध, सगळीकडे तिचा हिशेब लागतो.

पत्नीला अकरावा आठवडा चालू आहे. टॉर्च तपासणीत टॉक्सोप्लाझ्माचे (एका परजीवीचे) आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजीही पॉझिटिव्ह आले. डॉक्टरांनी ‘आयजीजी ॲव्हिडिटी’ करायला सांगितली. ती ‘हाय’ आली, तेव्हा ते म्हणाले, काळजी नको. आयजीएम पॉझिटिव्ह असताना काळजी नको कशी? (सातारा)

डॉक्टर बरोबर सांगत आहेत. आयजीएम आणि आयजीजी हे अँटीबॉडीचे दोन प्रकार; आयजीएम आधी येते, आयजीजी मागून. म्हणून आयजीएम म्हणजे ताजी लागण, असे सरसकट मानले जाते. पण टॉक्सोप्लाझ्माचे आयजीएम काही जणांत वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकते. त्यामुळे एकट्या आयजीएमवरून लागण कधीची ते ठरत नाही.

ॲव्हिडिटी म्हणजे अँटीबॉडीची एकूण पकड. लागण नवी असते तेव्हा आयजीजीची पकड सैल असते आणि ती घट्ट व्हायला काही महिने लागतात. म्हणून पकड घट्ट असेल तर लागण किमान तीन ते पाच महिने जुनी आहे, असे म्हणता येते. नेमका कालावधी किटनुसार ठरतो; बहुतेक ठिकाणी चार महिने धरतात. तुमच्या पत्नीचा अकरावा आठवडा मासिक पाळीपासून मोजलेला, म्हणजे गर्भ राहून सुमारे नऊ आठवडे झाले. लागण सोळा आठवड्यांपूर्वीची असेल तर ती गर्भ राहण्याच्या आधीच होऊन गेली, आणि बाळाला धोका जवळपास नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हाच ‘हाय’ निकाल २८व्या आठवड्यात आला असता तर त्यातून फारसे काही कळले नसते, कारण चार महिने मागे गेले तरी आपण गरोदरपणाच्या आतच असतो. ही तपासणी पहिल्या बारा ते सोळा आठवड्यांत केली तरच उपयोगाची. दुसरे असे की, ‘लो’ आले म्हणजे लागण नवी, हे सिद्ध होत नाही. काहींची पकड वर्षभरही सैलच राहते, आणि औषध चालू असेल तर ती घट्ट व्हायला आणखी उशीर लागू शकतो. ‘लो’ आल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत तपासतात आणि आयजीजी चढते आहे का ते पाहतात. केवळ ‘लो’ या शब्दावर गर्भपाताचा निर्णय घेणे चूक आहे, हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ‘दुसऱ्या वेळचा प्रतिसाद जलद आणि तीव्र असतो’ एवढ्यावर पुस्तक थांबते. मुले विचारतात, अँटीबॉडी सुधारते कशी? चांगली कोणती हे शरीराला कळते कसे? (परभणी)

तयार झालेला अँटीबॉडीचा रेणू कधीच सुधारत नाही. जसा बाहेर पडला तसाच तो मोडीत निघतो. आयजीजीचे अर्धायुष्य साधारण २१ दिवसांचे. बदलते ती अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची वस्ती. मुलांना आधी एवढे पटले की पुढचे सोपे जाते.

लस किंवा लागण झाल्यावर साधारण आठवड्याभरात लसीका ग्रंथींत आणि प्लीहेत जर्मिनल सेंटर नावाची तात्पुरती केंद्रे उभी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा एक भाग गडद दिसतो आणि एक उजळ. गडद भागात बी पेशी सहा ते बारा तासांना एकदा या झपाट्याने विभागत असतात, आणि एड नावाचे विकर त्यांच्या अँटीबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका पाडत असते. हे विकर डीएनएतील सायटोसिनचे युरॅसिल करते. ती जागा दुरुस्त करायला येणारी यंत्रणाही इथे ढिसाळ असते, त्यामुळे अक्षर बदलून जाते. हजार अक्षरांमागे दर विभाजनाला साधारण एक चूक, हा दर पेशीतल्या नेहमीच्या दराच्या सुमारे दहा लाख पट आहे. अँटीबॉडीच्या जड आणि हलक्या साखळीचा बदलता भाग मिळून सातशेच्या आसपास अक्षरे होतात. म्हणजे एक-दोन विभाजनांत एखादा बदल ठरलेलाच. एडचा शोध जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९९ साली लागला.

यातले बहुतेक बदल वाया जातात. कशाने साखळी अर्धवट तुटते, कशाने घडी बिघडते, कशाने काहीच होत नाही. निवड होते उजळ भागात. तिथे फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींनी मूळ अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला धरते तो जंतूचा किंवा लसीचा भाग) आपल्या अंगावर धरून ठेवलेले असते. बी पेशीला ते आपल्या ग्राहीने (पृष्ठभागावर बसवलेल्या अँटीबॉडीने) ओढून काढावे लागते, गिळून त्याचे तुकडे करावे लागतात आणि ते टी पेशीला दाखवावे लागतात. जिची पकड घट्ट ती जास्त अँटिजेन काढते, जास्त तुकडे दाखवते, आणि टी पेशीची मदत तिला जास्त मिळते. ज्या पेशीला मदत मिळत नाही ती काही तासांत मरते. मदत मिळालेली पुन्हा गडद भागात जाते, पुन्हा विभागते, पुन्हा बदलते. चांगली कोणती हे कोणी मोजत नाही. अँटिजेन थोडे आणि मागणारे फार, एवढ्यावर हे सगळे चालते.

म्हणूनच अँटिजेन कमी दिले तर निवड कडक होते. हर्मन आयसन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४ साली सशांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले: दिवस जातील तशी पकड वाढत गेली, आणि ज्या सशांना डोस कमी दिला होता त्यांच्यात ती जास्त वाढली. डोस भरपूर असला की सैल पकडीच्या पेशींनाही अँटिजेन मिळते आणि त्या तगून राहतात.

वर्गात फळ्यावर मांडायला एक हिशेब देतो. अँटीबॉडी आणि अँटिजेन जुळण्याचा वेग फारसा बदलत नाही. सुटण्याचा वेग बदलतो. सुटण्याचा दर सेकंदाला शंभरात एक असेल तर निम्मी जोडी ०.६९३ ÷ ०.०१, म्हणजे सुमारे ७० सेकंदांत सुटते. हजारात एक असेल तर साडेअकरा मिनिटे लागतात. दहा हजारात एक असेल तर जवळजवळ एक तास पंचावन्न मिनिटे. जुळण्याचा वेग सेकंदाला एक लाख प्रति मोलर धरला, तर या तीन पायऱ्या म्हणजे १००, १० आणि १ नॅनोमोलरच्या अँटीबॉडी. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. पहिल्या काही दिवसांत असतात त्या साधारण शंभर ते हजार नॅनोमोलरच्या घरातल्या, आणि नीट घडलेल्या एक नॅनोमोलर किंवा त्याखालच्या.

त्याखाली निसर्ग सहसा फार जात नाही. साधारण ०.१ नॅनोमोलरपाशी छत लागते. बी पेशी आपला ग्राही अँटिजेनसकट काही मिनिटांत ते अर्ध्या तासात आत ओढून घेते. जोडी दोन तास टिकली काय नि वीस तास टिकली काय, तिला फरकच कळत नाही, मग निवड व्हायची कशी? औषध म्हणून लागणाऱ्या याहून घट्ट अँटीबॉडी प्रयोगशाळेतच घडवाव्या लागतात. फेज डिस्प्ले ही त्यासाठीची पद्धत, जिच्यासाठी जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा विभागून मिळाला.

एकच अमिनो आम्ल किती फरक पाडते तेही सांगा. एनपी नावाच्या छोट्या रसायनाविरुद्ध काळ्या सी५७ जातीच्या उंदरात जी अँटीबॉडी बनते तिच्या जड साखळीत ३३व्या जागी ट्रिप्टोफॅन असते. त्याचे ल्युसिन झाले की पकड दहा पट वाढते. दहा पट म्हणजे ऊर्जेत मोजले तर मोलमागे जेमतेम १.४ किलोकॅलरी.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. युरिया वापरून ॲव्हिडिटी एलायझा (प्लेटवर रंगाने अँटीबॉडी मोजणारी चाचणी) बसवायचा आहे. निकाल एकसारखे येत नाहीत. कुठे चुकत असावे? (छत्रपती संभाजीनगर)

पद्धत तुम्हाला माहीत आहे, तरी क्रम एकदा मांडतो. एकच सीरम, एकाच पातळतेत, अँटिजेन लावलेल्या दोन-दोन विहिरींत घाला. ३७ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवा, धुवा. मग एका जोडीत साधा वॉश बफर आणि दुसऱ्या जोडीत त्याच बफरमधला ६ मोलर युरिया, पाच ते दहा मिनिटे. पुन्हा धुवा. एचआरपी जोडलेले मानवी आयजीजीविरोधी कॉन्जुगेट, मग टीएमबी, आम्लाने थांबवा, ४५० नॅनोमीटरला वाचा. युरियाच्या विहिरीचे ओडी (रंगाच्या तीव्रतेचे रीडिंग) भागिले बिनयुरियाच्या विहिरीचे, गुणिले १००. उदाहरणार्थ ०.३० आणि १.२० आले तर निर्देशांक २५ टक्के, म्हणजे पकड सैल.

पहिला संशय युरियाच्या द्रावणावर घ्या. १०० मिलिलिटर ६ मोलरसाठी ३६ ग्रॅम युरिया लागतो, पण तो १०० मिलिलिटर बफरमध्ये टाकायचा नसतो. टाकलात तर आकारमान १२७ मिलिलिटरच्या आसपास जाते आणि हाती ४.७ मोलर येते. सैल अँटीबॉडी मग नीट सुटत नाहीत आणि सगळे निर्देशांक फुगतात. ५०-६० मिलिलिटर बफरमध्ये विरघळवा, मगच १०० पर्यंत भरा. विरघळताना भांडे गार पडते, म्हणून कोमट पाण्यात धरायला हरकत नाही. पण तापवू नका. तापवलेल्या किंवा जुन्या युरियात सायनेट तयार होते आणि ते प्रथिनांना चिकटून त्यांचा स्वभाव बदलते. रोजचे रोज बनवा.

दुसरी जागा ओडीची. बिनयुरियाच्या विहिरीत रीडिंग फार वर गेले की तिथला खरा सिग्नल दबतो. खरा ४ असायला हवा तिथे रीडर ३ दाखवतो, युरियाच्या विहिरीत १.८ असते, आणि ४५ टक्क्यांचे ६० टक्के होतात. सैलचे घट्ट झाले! नमुना इतका पातळ करा की बिनयुरियाचे रीडिंग ०.८ ते १.५ च्या दरम्यान येईल. उलट ते ०.३ च्या खाली असेल तर भागाकारावर विश्वास ठेवू नका. तिथे निर्देशांक न दिलेलाच बरा.

तिसरे, युरिया अँटीबॉडी सोडवतो आहे की प्लेटवरचे अँटिजेनच उखडतो आहे? जुन्या लागणीचे, पकड घट्ट असल्याची खात्री असलेले सीरम प्रत्येक प्लेटवर ठेवा. त्याचाच निर्देशांक घसरला तर दोष कोटिंगचा. युरियाची वेळही घड्याळ लावून पाळा. पहिल्या विहिरीला आठ मिनिटे आणि शेवटच्या विहिरीला पाच, असे मल्टिचॅनल पिपेटशिवाय हमखास होते.

आणि किटच्या माहितीपत्रकातल्याच सीमा वापरा. एका किटचे ४० टक्के दुसऱ्या किटचे ४० टक्के नव्हेत. नवजात बाळाच्या नमुन्यात आईचे आयजीजी असते, आणि नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या रुग्णात रक्तदात्यांचे; अशा नमुन्यांची ॲव्हिडिटी त्या रुग्णाची नसतेच. मागणीपत्रकावर तसे विचारून घ्या.

हिपॅटायटिस बीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी का? परदेशी जायचे आहे, लवकर उरकता येतील का? (डोंबिवली)

पहिले दोन डोस पेशी जाग्या करतात. जर्मिनल सेंटरमधली निवड व्हायला आठवडे-महिने लागतात. घाईने पुढचा डोस दिला तर तो आधीच रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडींनी झाकला जातो, आणि घट्ट पकडीच्या स्मृतिपेशी (ओळख जपून ठेवणाऱ्या बी पेशी) तोवर पुरेशा झालेल्या नसतात. सहा महिन्यांनी त्या तयार असतात. तिसरा डोस त्यांनाच हाक मारतो.

कोविडच्या वेळी याचे ठळक उदाहरण दिसले. ॲस्ट्राझेनेकाच्या चाचण्यांत दोन प्रमाण डोसांत सहा आठवड्यांहून कमी अंतर होते तिथे परिणामकारकता ५५ टक्के आली. बारा आठवडे किंवा जास्त होते तिथे ८१ टक्के. पुण्यात बनणाऱ्या कोविशील्डचे अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवड्यांवर नेले गेले त्याला अशा आकड्यांचा आधार होता. पुरवठा तेव्हा तोकडा होता हेही खरे, पण विज्ञान खोटे नव्हते.

तुम्हाला घाई असेल तर ०, ७ आणि २१ दिवसांचे वेळापत्रक आहे, मात्र त्यात बारा महिन्यांनी चौथा डोस घ्यावाच लागतो. तो टाळायचा नाही. नेहमीच्या वेळापत्रकात डोस चुकून लांबला तर पहिल्यापासून सुरू करू नका. जिथे थांबलात तिथून पुढे जा. अंतर वाढल्याने पकडीचे नुकसान होत नाही, फक्त मधल्या काळात संरक्षण अपुरे राहते.

लशीनंतर सहा महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडींची पातळी) निम्म्याहून खाली आले. लस उतरली का? (नाशिक)

सुरुवातीचा मोठा आकडा अल्पायुषी प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे अँटीबॉडी बाहेर सोडणाऱ्या पेशींचा, असतो. त्या काही दिवसांत ते आठवड्यांत मरतात आणि आकडा उतरतो. मागे राहतात त्या हाडांच्या मगजात स्थिरावलेल्या पेशी, आणि त्या बहुतेक निवडीच्या उशिराच्या फेऱ्यांतून आलेल्या. त्यामुळे संख्या उतरत असताना पकड चढत असते. कोविडमधून बरे झालेल्यांत सहा महिन्यांनी तपासलेल्या स्मृतिपेशींच्या अँटीबॉडींत जास्त बदल साठलेले होते आणि त्या विषाणूच्या बदललेल्या रूपांवरही जास्त चालत होत्या, असे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात २०२१ साली दिसले. हिपॅटायटिस बीसारख्या मोजक्या आजारांत १० मिली-आययू ही ठरलेली रेघ आहे, आणि ती तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासायची. बाकी ठिकाणी दर तिमाहीला टायटर करून पैसे घालवू नका.

टायफॉइडची जुनी लस दर तीन वर्षांनी घ्यावी लागे. नवी एकदाच पुरते म्हणतात. फरक काय? (वाशी)

जुन्या लशीत जंतूच्या आवरणातली नुसती व्हीआय शर्करा असते. शर्करेचे तुकडे करून बी पेशी ते टी पेशीला दाखवू शकत नाही, त्यामुळे मदत नाही, निवड नाही आणि पकड घट्ट होण्याचा प्रश्नच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत ती चालतही नाही. नव्या लशीत तीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे एका प्रथिनाला, जोडलेली असते. टी पेशीला प्रथिनाचे तुकडे दिसतात आणि मदत शर्करा ओळखणाऱ्या बी पेशीला मिळते. ही लस सहा महिन्यांपासून देता येते. तुमच्याच नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती सरकारी मोहिमेतून नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना दिली होती.

अँटीबॉडी तयार झाल्या म्हणजे चांगलेच ना? नुकसान कसे होईल? (पणजी)

होऊ शकते. १९६०च्या दशकात अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनविषाणूवर फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस तान्ह्या बाळांना देण्यात आली. अँटीबॉडी बनल्या, भरपूर बनल्या. पण पुढच्या हंगामात खरी लागण झाली तेव्हा लस घेतलेली बाळे जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. फॉर्मॅलिनने विषाणूचे रूप बिघडले होते, आणि बनलेल्या अँटीबॉडींची पकड सैल राहिली होती. त्या विषाणूला निष्प्रभ करत नव्हत्या. त्याला चिकटून फुप्फुसात थर मात्र साचत होते. टी पेशींचा चुकीच्या दिशेने गेलेला प्रतिसाद हेही एक कारण होते. विषाणूच्या प्रथिनाचे मूळ रूप गोठवून ठेवलेल्या लशी यायला मग २०२३ उजाडले.

घोड्यापासून सर्पदंशाचे औषध बनते. घोड्यातही पकड अशीच वाढते का? (रत्नागिरी)

हो, आणि सगळे तंत्र त्यावरच उभे आहे. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाचे अगदी लहान डोस सहायक द्रव्यासह देतात आणि काही आठवडे ते महिने ते चढवत नेतात. पकड पुरेशी झाली की रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात. पेप्सिनने अँटीबॉडीचे शेपूट कापतात, पण विष धरणारे दोन्ही हात एकत्र जोडलेले ठेवतात. एकेक हात सुटा केला तर एका हाताची पकड तीच राहते, दोन्ही हातांची मिळून होणारी जाते.

मेख अशी की पकड ज्या विषावर घडली त्याच विषाला ती चपखल बसते. आपल्याकडच्या उत्पादकांना विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. शिवाय नागाच्या विषातली मज्जासंस्थेवर मारा करणारी प्रथिने फार छोटी, सुमारे सात किलोडाल्टनची. त्यांच्याविरुद्ध घोडा फारशा अँटीबॉडी बनवत नाही, मोठ्या प्रथिनांविरुद्ध भरपूर बनवतो. म्हणून कुप्या जास्त लागतात. मुलांना डोस कमी द्यायचा नसतो, कारण सापाने विष वजन बघून टोचलेले नसते.

कुत्रा चावल्यावर लशीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शन का देतात? मला दोन वर्षांपूर्वी पूर्ण कोर्स झाला होता, तेव्हा या वेळी ते दिलेच नाही. (कोल्हापूर)

लशीच्या उपयोगी अँटीबॉडी रक्तात यायला सात ते चौदा दिवस लागतात. रेबीजचा विषाणू जखमेत आज आहे. तेवढे दिवस भरून काढायला तयार अँटीबॉडी जखमेतच सोडतात: मानवी इम्युनोग्लोब्युलिन असेल तर किलोमागे २० आययू, घोड्याचे असेल तर ४०. आता मोनोक्लोनल अँटीबॉडीही मिळतात. लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवस उलटून गेले असतील तर ते देत नाहीत, कारण तोवर स्वतःच्या अँटीबॉडी येऊ लागलेल्या असतात आणि बाहेरच्या त्यांच्या आड येतात. तुमच्याकडे मागच्या कोर्सच्या स्मृतिपेशी आहेत, पकड आधीच घडलेल्या. त्यांना जागे करायला दिवस ० (पहिल्या डोसचा दिवस) आणि दिवस ३ चे दोनच डोस पुरतात. जखम मात्र साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, ती तुम्हालाही चुकत नाही.